मुरलेला ताप

यंदाही दसऱ्याच्या आसपास भात पिवळं पडलं. बोईसरहून कुंभवलीकडे जाताना जी थोडी शेतं उरली आहेत, त्यांत कापणी सुरू झाली. कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास आणि त्यावरून येणारा कारखान्यांचा उग्र वास एकाच वेळी नाकात शिरतो, हे या पट्ट्यातल्या ऑक्टोबरचं वैशिष्ट्य आहे. ऊन कडक असतं. सकाळी सहाला मात्र गवतावर दव असतं आणि तासभर हवा बरी असते. काही वर्षांपूर्वी, ओळीने चार हंगाम, त्या तासाभरात इथल्या एका तळ्याकाठी पाखरं पकडली जात. रक्ताचा एक थेंब काढून त्यांना सोडून दिलं जाई. चौथा हंगाम शेवटचा ठरला. भात पिवळं पडलं की तो आठवतो.

तळं कुठल्या नकाशावर नव्हतं. कुंभवलीच्या सुमनताईंच्या वाडीला लागून, त्यांच्या दिरांच्या वाट्याला आलेला तो खोलगट तुकडा होता. पावसाळ्यात भरायचा, डिसेंबरपर्यंत पाणी धरायचा. कडेला पाणकणीस, शिंदीची दोन झाडं, करवंदीची दाट जाळी आणि त्या जाळीत सातभाईंचा एक थवा. सातभाई मातकट रंगाचे असतात आणि एकटे दिसत नाहीत. सात-आठ जण पाचोळा उलथत, उड्या मारत जमिनीवरून चालतात आणि चालताना एकमेकांवर सारखे ओरडतात. एक थवा एकच जागा वर्षानुवर्षं धरून राहतो.

पालघरची वृषाली या थव्यावर पीएच.डी. करत होती. वनखात्याची परवानगी तिने बरीच खटपट करून मिळवली होती. पाखरांनाही मलेरिया होतो. त्याचे जंतू वेगळे असतात, ते डासांतून एका पाखराकडून दुसऱ्याकडे जातात आणि माणसाला त्यांची बाधा होत नाही. पाखरू आणि त्याच्या रक्तातला हा जंतू यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना कसं घडवलं, हा तिचा विषय होता. त्यासाठी एकदा पकडलेलं पाखरू पुढच्या वर्षी पुन्हा हाती यावं लागतं. तीन हंगामांत तिने या थव्यातल्या सात मोठ्या पाखरांच्या पायांत रंगीत कड्या घातल्या होत्या. चौथ्या हंगामात ती सात किंवा त्यांतली चार-पाच जरी जाळ्यात आली असती, तरी प्रबंध उभा राहिला असता. एकही आलं नाही, तर हाती फक्त तीन वर्षांच्या रक्ताच्या काचा उरणार होत्या. हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ती भेट वार्ताहर म्हणून, एका बातमीसाठी होती. बातमी दोन कॉलमांत आटोपली. तळ्यावर जाणं मात्र त्यानंतरही चालू राहिलं. त्याचं नीट कारण तेव्हाही देता आलं नसतं.

तिच्या जोडीला मुरब्याचे तांडेलकाका असत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांची सगळी नोकरी मलेरियाच्या काचा वाचण्यात गेली होती. माणसाच्या बोटातून काढलेला थेंब काचेवर पसरायचा, सुकवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा. निवृत्तीनंतर डोळा शाबूत होता आणि हाताला काम नव्हतं. वृषालीला दुसरा वाचणारा हवा होता, कारण एकाच माणसाने वाचलेली काच कोणी मान्य करत नाही.

पहिल्या हंगामातली पहिली काच त्यांनी पाच मिनिटं पाहिली आणि चष्मा काढला.

"बाय, यो पक्षी उडत व्हता?"

"हो. तुमच्यासमोरच सोडला की."

"याच्या एकेका पेशीत हाय. एकबी पेशी सोडली नाय. माणूस असता तं आमी औषध नसतं दिलं, घरच्यांना बोलावलं असतं."

वृषालीला हसू आवरेना. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. पाखराच्या प्रत्येक तांबड्या पेशीत असतं, आणि रंग दिल्यावर ते मधोमध जांभळं उठून दिसतं. माणसाच्या काचेवर पेशीच्या आत असं काही दिसलं की तो जंतूच, हे ज्याच्या डोळ्यांत तीस वर्षं बसलं आहे, त्याच्याकडूनच ही चूक होऊ शकते. तिने कागदावर आकृती काढून दाखवली.

"येवडी वर्षं मना कोनी सांगितलं नाय."

"तुम्हाला पाखरं तपासायला कोणी सांगितलं होतं?"

"नाय. पन कोंबरी तं रोज खातो."

मग ते शिकले. पाखराच्या पेशीत जंतू केंद्रकाला एका बाजूला सारतो किंवा त्याच्याभोवती कमान करून बसतो. त्याच्या अंगात तपकिरी कण असतात, त्यांवरून तो ओळखायचा. आठवडाभरात काका वृषालीपेक्षा लवकर शोधू लागले. जाळ्यातही त्यांनी सुधारणा केली. करवंदीपुढे बांबूंवर बारीक नायलॉनचं जाळं ताठ बांधलेलं पाहून ते म्हणाले, "ताणलेल्या जाल्यात काय रवनार? झोळ सोड. आपला आपन जाऊन पडला पायजे." झोळ सोडल्यावर खरोखरच पाखरं जास्त सापडू लागली.

काचा वाचण्याचं काम दुपारी मुरब्याला, काकांच्या ओटीवर चाले. समोर दोऱ्यांवर बोंबील सुकत टाकलेले असत, आणि त्यांच्यावरच्या माश्यांना काचेवरचं ताजं रक्तही आवडे. झाकायला दोन मिनिटं उशीर झाला तर माशी काच चाटून पुसून ठेवी. म्हणून काकांनी नातवाच्या पाळण्याची जुनी मच्छरदाणी काचांवर लावली होती. त्या जाळीखाली रक्ताच्या पातळ, जिभेच्या आकाराच्या पट्ट्या ओळीने सुकत असायच्या.

त्या पट्ट्यांत एक नियम दिसे. सातभाईच्या त्या वर्षीच्या पिलाचा डोळा काळसर असतो, मोठ्याचा पांढरट. काळ्या डोळ्यांच्या पिलांच्या काचा जंतूंनी भरलेल्या असत. पांढऱ्या डोळ्यांच्या मोठ्यांच्या काचेत शंभर-शंभर ठिकाणी पाहावं, तेव्हा कुठे एखादा सापडे. पण सापडे. पहिल्या पावसाळ्यात डास चावतो, पिलू तापाने झुरतं. काही मरतात. जी जगतात त्यांच्या रक्तातून जंतू पूर्ण जात नाही, थोडा राहतो. तो पाखराला मारत नाही आणि पाखरू त्याला संपवत नाही. मादीने तापाशी जो झगडा केला, त्याचा काही अंश अंड्यातल्या बलकातून पिलापर्यंत पोचतो, म्हणून पिलाला पहिल्या तापात थोडा आधार असतो.

हे सगळं वृषाली एका सकाळी सुमनताईंना समजावत होती. सुमनताई कारखान्यात पॅकिंगला जात. दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळी वाडीत पाणी घालता घालता जाळ्याकडे चक्कर मारत. "दीर्घकालीन सुप्त संसर्ग," असं वृषाली म्हणाली.

"म्हणजे मुरलाय," सुमनताई म्हणाल्या. "माझ्या सासूला होता तसा. हाडात मुरलेला. दर श्रावणात दोन दिवस अंथरूण धरायची, तिसऱ्या दिवशी लावणीला. एवढं फिरवून कशाला सांगता, म्याडम?"

वृषालीने तो शब्द वहीत लिहून घेतला. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, ताप हाडात मुरतो. मुरायला वेळ लागतो, आणि मुरलेलं पुन्हा वेगळं काढता येत नाही.

"म्हणजे त्यांचं जमलंय एकमेकांशी," सुमनताई पुढे म्हणाल्या.

"जमलंय असं नाही. मैत्री नाही ती. दोघांनाही परवडतं, एवढंच."

परवडणं हा शब्द नेमका होता. जो जंतू पाखराला चटकन मारतो, त्याला दुसऱ्या पाखरापर्यंत नेणारा डास मिळेपर्यंत पाखरूच उरत नाही. जे पाखरू सगळी ताकद जंतूशी लढण्यात घालवतं, त्याच्याकडे अंडी घालायला ताकद उरत नाही. जंतू दर पिढीला वेष पालटतो, पाखराचं रक्त नवा वेष ओळखायला शिकतं, तोवर जंतू आणखी पालटतो. यात कोणी पुढे जात नाही. जिथे आहोत तिथे टिकण्यासाठीच दोघांना बदलत राहावं लागतं. आणि हे सगळीकडे सारखं घडत नाही. एका तळ्याचा जंतू त्या तळ्याच्या पाखरांत मुरतो. प्रशांत महासागरातल्या काही बेटांवरची पाखरं डासाशिवाय वाढली होती. जहाजांबरोबर डास पोचले, मागून हा ताप पोचला, आणि कित्येक जातींची पाखरं नाहीशी झाली. तिथल्या आयांनी बलकातून द्यावं असं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

माणसाच्या बाबतीतही असंच एक उदाहरण या जिल्ह्यात आहे. काकांनी जव्हारच्या बाजूला काही वर्षं काढली होती. डोंगरातल्या काही कुटुंबांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी असतात. आईवडिलांपैकी एकाकडून हा वारसा आला, तर मलेरियापासून बचाव होतो. दोघांकडून आला, तर सांधे आणि हाडं आयुष्यभर ठणकत राहतात. "तापाला अडवायला रक्तानं हत्यार केलं," काका म्हणाले होते. "ताप कमी झाला. हत्यार पोरांच्या अंगातच राहिलं. ते कुटं ठेवायचं, कोनाला म्हाईत?"

तळ्यामागून कारखान्याकडे जाणारी पायवाट होती. पहिल्या पाळीचे कामगार तिथून जात. एकदा एकजण डबा हातात घेऊन थांबला.

"चिड़िया का खून क्यों निकाल रहे हो, मैडम?"

"बुखार देख रहे हैं।"

"दो महीने से हमको भी आ रहा है।"

"तं दवाखान्यात जा ना, बाबा. हितं काय उबा हाय?" काका मराठीतच म्हणाले. त्याला ते कळलं.

"दवाखाने में लाइन है। यहाँ तो लाइन नहीं है।"

"लाइन कशी नाय? तुज्या फुडं आट सातभाई हायत."

तो हसत गेला. सुमनताई म्हणाल्या, "खरंच बोलला तो. आमच्या नणंदेला रक्त द्यायला दोन तास उभं केलं. तुमच्या सातभाईंना घरपोच सोय."

त्यांची थट्टा तिसऱ्या हंगामापर्यंत रोज चालू होती. त्यानंतरच्या मे महिन्यात त्यांनी वृषालीला फोन केला. थट्टा नव्हती. "ट्रक आलेत," एवढंच म्हणाल्या.

तीन दिवसांत भराव पूर्ण झाला. तळ्यात मुरूम पडला, पाणकणीस त्याखाली गेलं, करवंदीची जाळी मुळासकट काढून एका कोपऱ्यात ढीग केली. दिरांना कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. जागा त्यांची होती. वृषाली तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहून आली. सातबाऱ्यावर तळं नव्हतंच. तेवढ्या तुकड्यापुढे 'पोटखराब' असा शेरा होता, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. जे कागदावर नव्हतं, ते बुजवल्याची तक्रार कुठे करायची, हे तिला कोणी सांगू शकलं नाही. वार्ताहराला त्यात बातमी दिसली नाही. कायदा मोडला नव्हता, कोणी मेलं नव्हतं, कोणी आंदोलन करत नव्हतं. सुमनताईंनी दिरांशी भांडण काढलं, त्यावर जाऊबाईंनी विचारलं, "पाखरं काय तुझ्या माहेरची आहेत?" दोन्ही घरांचं बोलणं दिवाळीपर्यंत बंद होतं.

तरी ऑक्टोबरात वृषालीने जाळं लावलं. सातभाई लांब उडणारं पाखरू नाही, आसपासच कुठे तरी थवा असेल, असं तिचं म्हणणं होतं. वाडीच्या कडेला, भरावाच्या अलीकडे, काकांनी झोळ सोडून जाळं बांधलं.

पहिल्या दिवशी काहीच आलं नाही. भरावावर पायांना मुरूम टोचत होता. दव मात्र नेहमीसारखं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी कलकल ऐकू आली आणि वृषाली धावली. जाळ्यात तीन सातभाई होते, तिघेही काळ्या डोळ्यांचे, पायांत काही नव्हतं. तिने थेंब काढले, नव्या कड्या घातल्या, सोडलं. तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी पांढऱ्या डोळ्यांची दोन मोठी पाखरं एकदमच जाळ्यात पडली. काकांनी लांबूनच डोळे पाहिले आणि म्हणाले, "ही जुनी." वृषालीने पहिल्याला हातात घेऊन पाय पाहिले. मग दुसऱ्याचे. दोघांच्या पायांत कडी नव्हती. चारही पाय तिने अंगठ्याने चोळून पाहिले, कडी घासून गेली असेल तर खूण राहते म्हणून. खूण नव्हती.

"वाड्यांमदली असतील, लांबची," काका म्हणाले.

"असतील," ती म्हणाली.

नवा थवा रिकाम्या जागेत आला होता. जुन्या सात जणांचं काय झालं, ते मेले, कोणी पकडले की कुठे निघून गेले, हे सांगणारा पुरावा तेव्हा मिळाला नाही आणि पुढेही मिळाला नाही.

आता त्या जागी खोल्या आहेत. पुढे मोटारसायकली उभ्या असतात, गच्चीवर कपडे वाळत असतात. मागच्या बाजूला सांडपाण्याचा उघडा नाला आहे, त्यात वर्षभर डास असतात. ते तळ्यातले नव्हेत, सांडपाण्यात वाढणारे. त्यांच्याबरोबर कुठला ताप येतो, हे कोणी तपासलेलं नाही. वृषाली पालघरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रबंध पुरा झाला नाही. विचारलं तर ती सांगते की तीन वर्षांचा तपशील चांगला आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. असं सांगताना आवाज चढत नाही की उतरत नाही. एखादा पाठ शंभराव्यांदा शिकवावा तसा असतो.

पाचव्या दिवशीच्या त्या दोघांना सोडल्यावर दुपारी सगळे मुरब्याला गेलो. नऊ पाखरांच्या नऊ काचा रंगवून झाल्या होत्या. ओहोटी होती, खाडीवरून चिखलाचा वास येत होता. वृषाली भिंतीला टेकून बसली. तिला वाचायचं नव्हतं, म्हणून काकांनी सुरुवात केली. एक काच संपली की दुसरी. चौथ्या काचेनंतर त्यांनी मान वर केली आणि पाचवी सरकवली. नवव्या काचेनंतर त्यांचा चेहरा उजळला होता.

"बाय, साफ हाय."

वृषालीने त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, साफ. नऊच्या नऊ. एकबी नाय. मी सगली नोकरी केली, पन एका ठिकानाच्या सगल्या काचा अशा साफ कदी मना नाय मिलाल्या. पेडे आन."

"काका, काळ्या डोळ्यांच्या किती होत्या?"

"सात."

"आणि त्या सगळ्या साफ?"

"हां." ते थांबले. हातातली काच त्यांनी खाली ठेवली. तीन वर्षं काळ्या डोळ्यांच्या काचा त्यांनीच वाचल्या होत्या. "म्हंजे त्यांना चावलंच नाय."

"तळं नव्हतं ना. कोण चावणार?"

"मंग बरंच हाय की. ताप नाय, काय नाय."

"यंदा नाही. पुढच्या पावसात, कुठल्या तरी नाल्यातून येईल. तेव्हा यांच्या रक्तात काहीच नसेल. त्यांच्या आईनेही काही दिलेलं नसेल." तिने पदराने कपाळ पुसलं. "काचेवर दिसलं नाही, म्हणजे नाहीच, असंही नाही. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला लागेल. पण तुमची नजर मला माहीत आहे."

पुढे प्रयोगशाळेचा निकालही तोच आला.

मुंबईला मासळी नेणारा टेम्पो रस्त्यावर हॉर्न वाजवत होता, काकांची सून टोपल्या घेऊन घाईघाईने बाहेर गेली. मग काकांनी नोंदवही पुढे ओढली.

"काय लिवू?"

"दिसलं ते."

सरकारी अहवालात काही आढळलं नाही, तर त्या रकान्यात 'निरंक' लिहितात. मलेरियाच्या माणसाला याहून आवडता शब्द नसतो. ज्या आठवड्यात सगळा अहवाल निरंक जाई, त्या शनिवारी केंद्रात चहा त्यांच्याकडून असे, हे त्यांनीच कधी तरी सांगितलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीत तो शब्द लिहिला. खालच्या ओळींत दोन टिंबं देऊन 'वरीलप्रमाणे' म्हणायची रीत आहे. ती त्यांनी वापरली नाही. नऊ ओळींत नऊ वेळा पूर्ण शब्द लिहिला, आणि दर वेळी लिहिण्याआधी ती काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून, एखादा तरी सापडतो का, ते पाहिलं.